दोन बोटांचा फरक

“बूट काढा, पाव्हणं. मग पाय ठेवा होडीत.”

छगन नावाड्याने वल्हं आडवं धरलं आणि गोरक्ष काठावरच अडखळला. भंडारदऱ्याच्या धरणापलीकडच्या गावात तो वडिलांसोबत मुलगी बघायला निघाला होता. सगळं काढलं असतं त्याने, पण बूट नव्हे.

त्याचा डावा पाय उजव्यापेक्षा दोन बोटं आखूड होता. तेवढ्यावरून तीन स्थळं मोडली होती. म्हणून त्याच्या वडिलांनी, आप्पासाहेबांनी, डाव्या बुटात कातड्याचे थर घालून घेतले. बूट पायात असले की चाल सरळ. बभ्रा नको म्हणून आपल्या संगमनेरात शिवायला टाकलेच नाहीत. पार राजूरच्या बाजारात जाऊन सहादेव नावाच्या कारागिराकडून करवून आणले. मुलीच्या ओसरीवर बूट काढायचे ते बसल्या जागी, आणि निघेपर्यंत उठायचं म्हणून नाही, असा बेत होता. आप्पासाहेबांनी सगळा विचार केला होता. होडीचा तेवढा राहून गेला.

“सर्दी झालीय त्याला. असू द्या बूट,” आप्पासाहेब म्हणाले.

“सर्दी जाईल वो. होडी कलली तर नाडीचा बूट पान्यात सुटत न्हाई. भरतो आन् मानसाला खाली वढतो. ओल्या फळीवर घसरतो ते निराळंच. एक तर अनवानी, न्हाई तर झटक्यात निघंल अशी वहाण. तिसरं मी काय नेत न्हाई.”

गोरक्षने बूट काढले. चिखलातली सात-आठ पावलं तो लंगडत गेला. छगनने बघून न बघितल्यासारखं केलं.

होडी निघाली. पाणी शांत होतं. ओली फळी तळव्यांना गार लागत होती. दोन महिने त्या बुटांनी टाचांची सालपटं काढली होती आणि बोलायची सोय नव्हती. पाय मोकळे झाले तसं गोरक्षला बरं वाटलं. मग लाज वाटली. एक पोरगी भरवशाने आपल्याला हो म्हणणार, आणि आपण तिला काय देणार, तर कातड्याचे थर!

पलीकडचा काठ आला. “घाल लवकर. कोनी बघत न्हाई,” आप्पासाहेब कुजबुजले.

“बोहल्यावर काय बूट घालून उभा ऱ्हाऊ, आप्पा? तवा बघन्यापरीस आजच बघू दे तिला.”

बूट होडीतच ठेवून तो उतरला आणि उघडउघड लंगडत चढण चढू लागला. आप्पासाहेबांनी कपाळाला हात लावला.

“पाव्हणं, जरा थांबा,” छगनने हाक मारली. त्याने फळीखालून एक गाठोडं काढलं आणि सोडलं. आत नव्या कोऱ्या वहाणा होत्या. डाव्या वहाणेचा तळ दोन बोटं जाड होता.

“तुमच्या मापाचा कागद सहादेवाकडं हुताच,” छगन म्हणाला. “आमचाबी बाजार राजूरचाच हाय.”

गोरक्षने वहाणा पायात सरकवल्या. टाचेला कुठेही लागलं नाही.

“कुनी करवल्या ह्या?”

“माझ्या भाचीनं. जिला बघाया आलाय तिनंच. म्हनली, मामा, पाव्हणा अनवानी उतरला तर दे. बूट घालून उतरला, तर ह्या वहाणा तशाच धरनात टाक.”