धवले

जुन्या विंडोजचे अपडेट बंद झाले तसं जागृतीने घरच्या कॉम्प्युटरवर फुकटातलं लिनक्स टाकलं. डिस्क पुसण्याआधी तिने विचारलं, “बाबा, आईचे धवले कॉपी केले ना?” आंबिवलीतल्या प्रत्येक लग्नात ही लग्नगीतं गाणारी आई वारल्यापासून तिचा आवाज त्या डिस्कवरच उरला होता. “पेनड्राइवमदी घेतलाय सगला,” बाबा ऐटीत म्हणाले. आज धाकट्या बहिणीच्या हळदीला तिने कॉम्प्युटरला लावून पेनड्राइव्ह उघडला, तर आत गाणी नव्हतीच. बाबांनी डेस्कटॉपवरचा नुसता शॉर्टकट, गाण्यांकडे नेणारं रिकामं चिन्ह, उचलला होता. तिने बाबांना हाक मारली. “बाबा, कॉम्प्युटरमधले धवले पुसले गेले,” एवढंच तिला सांगवलं. ते हसले. “मंग रडतंस कनाला? त्याचेसाठीच त यो ठेवलाय!” पेनड्राइव्ह उपसून त्यांनी मांडवातल्या स्पीकरला लावला आणि बायकांना हात केला. “गप रवा सगल्या. नवरीची आय गाते.” बेंजो थांबला. मांडव कान देऊन बसला.