मधला कप्पा

फ्रिजच्या दुकानातल्या त्या विक्रेत्याला राग काय नि आनंद काय, आला की पुरासारखा यायचा. मग तो मांडून ठेवलेल्या एखाद्या फ्रिजमध्ये डोकं घालायचा आणि जीव थाऱ्यावर आला की बाहेर काढायचा. आज मालक गिऱ्हाइकादेखत त्याच्यावर खेकसला आणि त्याने तडक जवळचा फ्रिज गाठला.

"बाहेर ये! नाहीतर उद्यापासून घरी बस!" ओरडून मालक ओशाळा होत गिऱ्हाईक बाईंकडे वळला. "माफ करा हं. कसा फ्रिज दाखवू तुम्हाला?"

बाईंनी आवाज खाली आणला. "आमचे हे कपाटात डोकं घालतात हो. डांबरगोळ्यांच्या वासाने शिंकून शिंकून हैराण होतात."

फ्रिजमधून आवाज आला, "मग हाच न्या, ताई. मधला कप्पा काढला की खांदेही मावतात."