तक्रारीला उत्तर

"काय वाट्टेल ते लिहू देत, तू उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नकोस," काकांच्या घराची किल्ली हातात ठेवताना आधीच्या बाईने तिला बजावलं होतं. तिने मान डोलावली होती आणि मनातल्या मनात हसली होती. शिकलेल्या माणसाला गप्प बसणं कुठे जमतं?

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे रोज जायचं, स्वयंपाक करायचा, औषधं द्यायची आणि दूर गेलेल्या मुलांना खुशाली कळवायची, असा तिचा छोटासा व्यवसाय होता. लहान पोरीला शेजारणीकडे ठेवून ती बाहेर पडे. अर्धा जीव दिवसभर तिकडेच टांगलेला. आणि हा सगळा व्यवसाय नावावर चालणारा. नाव गेलं की दारं बंद.

काका नेमके त्या नावाच्याच मागे हात धुवून लागले होते.

तिच्या व्यवसायाच्या पेजवर, चारचौघांच्या देखत, ते तक्रारी टाकायचे. त्याही तिच्यासमोरच. फोन तोंडाशी धरून, एकेक शब्द मोठ्याने सांगून. "भाजी आळणी. पूर्णविराम. बाई उशिरा येते आणि आल्यावर उपकार केल्यासारखं तोंड करते. पूर्णविराम." ती ओट्याशी उभी राहून ऐकायची आणि झाकणं आपटायची. चहा कपाबाहेर ओतून ते शांतपणे बसून राहत. मुद्दाम करतो खवट म्हातारा, असं पुटपुटत ती फरशी पुसायची. तिचं पुटपुटणं त्यांना बरोबर ऐकू जायचं. मग तेही फोनला सांगितलं जायचं.

नव्या चौकश्या येईनाशा झाल्या. एका जुन्या घरातून, हे खरं आहे का, अशी विचारणा झाली. त्या दुपारी पोरीला निजवून ती लिहायला बसली.

लिहिणं तिच्या हातचं होतं. तिने आवाज चढवला नाही, रडगाणं गायलं नाही. रोजच्या ताटांचे फोटो लावले. इतर घरांचे चांगले शब्द जोडले. काका कडक आहेत, कारण आयुष्यभर त्यांनी नीटनेटकेपणा जपला, असं म्हणून त्यांना मोठेपणाही देऊन टाकला. आणि शेवटी लिहिलं, 'मी त्यांच्या घरात असते तेव्हा त्यांची लेकच तिथे आहे असं समजा.' या वाक्यावर ती स्वतःच खूश झाली.

काकांच्या लेकीचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, तेही सगळ्यांना दिसेल असं. पाठोपाठ चौकश्यांची रीघ लागली. काकांच्या घरी पोचल्या पोचल्या तिने चप्पलसुद्धा न काढता ते त्यांना वाचून दाखवलं. सावकाश, प्रत्येक शब्द टोचेल असं.

"ताई, वाचताना डोळे भरून आले. बाबांच्या तक्रारींमुळे मी स्वतः येऊन बघणार होते. तिकीटही काढलं होतं. ते आता रद्द केलं. तुम्ही आहात, मग मी कशाला?"

काकांनी हाताने चाचपून खुर्ची शोधली आणि बसले.

"झालं समाधान, लेखिकाबाई?"

तिने झालं म्हणून सांगितलं.

"तुझ्याआधी ज्या ज्या आल्या, त्या सगळ्यांबद्दल असंच लिहिलं मी. चांगल्या होत्या बिचाऱ्या. ये म्हटलं की लेक म्हणते, बघते. बरं नाही म्हटलं की डॉक्टर पाठवते. एकटं वाटतं म्हटलं, तर बाई पाठवली. तक्रार केली की मात्र भांडायला स्वतः येते."

तिने आता कुठे चप्पल काढली.

"डोळे चाललेत माझे. तू दारात आहेस की खिडकीत, हे आवाजावरून ओळखतोय. थोडं दिसतंय तोवर तिचं तोंड बघून घ्यायचं होतं, बस."

लेकीला आत्ताच्या आत्ता कळवते, असं ती म्हणाली, तसे ते उसळले.

"खबरदार. आंधळ्या बापाची कीव करत यायची असेल तर नको मला. भांडत आली पाहिजे. आणि आता निघ."

जिन्यातूनच तिने लेकीला फोन लावला. डोळ्यांचं बोलली नाही. बाबा तुमची वाट बघतात, एकदा येऊन जा, असं परोपरीने सांगितलं. लेक पलीकडून हसली. तुम्ही एवढ्या मायेने सांगताय यातच सगळं आलं, म्हणाली. ही जितकी विनवायची, तितकी ती निर्धास्त होत गेली.

फोन ठेवून ती पायरीवर बसली. पेज उघडलं. तिच्या उत्तराखाली नवी नावं येऊन थांबली होती. पत्ता विचारणारी, कधीपासून याल विचारणारी. पोर आठवली, बोट अडखळलं. मग मात्र तिने लिहिण्यात जराही हयगय केली नाही.

'माझ्या वरच्या उत्तरावर जाऊ नका, गोड लिहून गळी उतरवणं मला चांगलं जमतं. काकांचं मी धड काही करत नाही. आत काय चाललंय ते दूर बसून कोणाला दिसत नाही, म्हणून माझं निभावतंय. मी लेक नाही. लेक असल्यासारखीही नाही. हे वाचून राग आला असेल तर फोन करू नका, तिकीट काढा. भांडायला या, पण बापाला स्वतःच्या डोळ्यांनी बघून जा.'