घरचं माणूस

आनंदाने पट्टा मागून धरला, सोडला, पुन्हा धरला. भर वाऱ्यात सुकाणू न सोडणारे हात ते. पण बायकोच्या कमरेचा पट्टा धरायचा म्हटल्यावर त्यांचं अवसानच गळालं.

“काका, ओढू नका. नुसता आधार द्या,” विनिता म्हणाली. ती फिजिओथेरपिस्ट, शांतीच्या रोडपालीच्या खोलीवर व्यायाम करून घ्यायला आली होती. “काकू, वाकायचं नाही, वळायचं नाही. पायांवर जोर द्या आणि सरळ उठा.”

शांती पलंगाच्या कडेला बसली होती. जन्मभर मासळीच्या पाट्या उचलून तिचे मणके सरकले होते. डॉक्टरांनी ऑपरेशन करून, स्क्रू घालून ते एकमेकांना जोडले. भाच्याने सही केली, घरी आणून सोडलं आणि तो आपल्या पोटापाण्याला निघून गेला. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी बजावलं, “हाड धरायला लागलंय. इतके दिवस व्यायाम नको होता, आता उशीर नको. नाहीतर पाठ आखडेल, पायातला जोर जाईल.” तरी शांती हटून बसली. विनिता दारात आली की म्हणायची, “माझा मानूस येऊ दे, मग सुरू करू.” विनिता हात हलवत परत जायची. वॉकर धरून पलंगापासून मोरीपर्यंत जायचं आणि परत येऊन आढ्याकडे बघत पडायचं, एवढाच शांतीचा दिवस.

आणि तिचा माणूस बसला होता करंजाला, समुद्रकाठच्या त्यांच्या गावी. खरं तर दोघांत मोठं भांडण असं नव्हतंच. पनवेलच्या बाजारात तिच्या धंद्याचा जम बसला, रोजची ये-जा झेपेना, म्हणून तिने इकडे, बाजारापासून जवळ, खोली घेतली. “तू पन ये,” म्हणाली. दर्या सोडून सिमेंटात काय करू, असं याने विचारलं. “मग ऱ्हा तिकडंच,” ती म्हणाली. “ऱ्हातो,” हा म्हणाला. एवढ्यावर वर्षं गेली. आधी हाक कोण मारतो, यावर गाडं अडलेलं. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मध्ये पडून दोघांचे कान धरणारंही कोणी नव्हतं.

बंदरावरून आला की आनंदा एकट्यापुरता भात टाकायचा आणि पातेल्यातच कालवण ओतून जेवायचा. ताट घ्यायचं कशाला, बघणारं कोण होतं? शांतीच्या ऑपरेशनची बातमी त्याला बाजारातल्या बायकांकडून कळली. त्या दिवशी तो दवाखान्याच्या फाटकापर्यंत आला होता. टपरीवर एक चहा प्यायला, मग दुसरा प्यायला, आणि आपल्याला बोलावलेलं नाही म्हणून आल्या पावली परत गेला. बसमध्ये मात्र त्याला रडू आवरलं नाही.

काल शेजारच्या किशोरीचा फोन आला. “शांतीमावशींनी सांगायला सांगितलंय. डॉक्टर म्हणतात, उशीर झाला तर पाठ आखडेल. पण घरचा माणूस धरायला असल्याशिवाय व्यायाम सुरू करता येत नाही. मॅडमचा तसा नियमच आहे म्हणे.”

नियम म्हटल्यावर आनंदाला हायसं वाटलं. नियमापुढे त्याचं नाक खाली होणार नव्हतं. सकाळी उठून त्याने धुतलेला सदरा घातला, पिशवीत सुक्या कोळंबीचं, सोड्यांचं पुडकं टाकलं आणि पहिली बस धरली. आल्यावर दोघं एकमेकांशी ‘आलास’ आणि ‘आलो’ एवढंच बोलली होती.

“उठा काकू.”

शांती उठली. एक क्षण तिचा सगळा भार त्याच्या तळहातावर आला. किती हलकी झाली होती ती! तिने एक पाऊल टाकलं, मग दुसरं. खिडकीशी पोचेपर्यंत तिच्या कपाळावर घाम जमला होता, आणि त्याच्याही.

“छान! आता हे रोज करायचं,” विनिता म्हणाली.

“रोज?” आनंदाने विचारलं. त्याला हो म्हणायचं होतं, पण तोंडून भलतंच गेलं. “माझी होडी तिकडं हाय. नवराच पायजे असा नियम हाय म्हनून आलो मी.”

विनिता हसली. “नवराच? असा कुठला नियम, काका? मी म्हटलं होतं, घरचं माणूस हवं. म्हणजे जवळचं कोणीही. किशोरीताई तर पहिल्या दिवसापासून तयार होत्या. मी काकूंना किती वेळा समजावलं, पण त्या ऐकतच नव्हत्या.”

तिने बॅग आवरली, उद्याची वेळ सांगितली आणि ती गेली. आनंदाने पट्टा सोडला नव्हता.

“तुला समजलं नव्हतं?”

“समजलं होतं,” शांती खिडकीबाहेर बघत म्हणाली.

“मग इतके दिस अशीच पडून ऱ्हायलीस? डाक्टर सांगत होता ना, पाठ आखडंल म्हनून? आनि मी आलोच नसतो तर?”

शांतीला त्याच्याकडे वळायचं होतं, पण वळायचं नाही असं विनिताने सांगितलं होतं. ती तशीच, समोर बघत बोलली.

“तर मग उठून तरी कुठं जायचं होतं मला?”