मोठ्या आचेवर

"आच मोठीच ठेवायची. एकदा का पाणी सुटलं, की मग ते उकडलेलं चिकन," सुतार म्हणाला आणि त्याने तापलेल्या लोखंडी कढईत चिकनचे लांबट तुकडे सोडले. शेजारी त्याची मुलगी ढोबळी मिरची चिरत होती. तेरा वर्षांची, हाताने सावकाश.

"आई तर मंद गॅसवर करते."

"तुझी आई चिकन शिजवत नाही, त्याची चौकशी बसवते. पंधरा मिनिटांत पानात पडलं पाहिजे. दमून येईल ती आता."

चार महिन्यांपूर्वी सुताराला अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून त्याची बायको औषधांच्या कारखान्यात जादा पाळी करून साडेसातला घरी येत होती. संध्याकाळचा स्वयंपाक त्याने अंगावर घेतला होता. सुरुवातीला त्याचा डावा हात नुसता लोंबायचा. आता मूठ वळायची, भांडं उचललं जायचं. सोमवारपासून तो कामावर जाणार होता.

त्याने लसूण टाकला, कांदा टाकला. डाव्या हाताने कढईचा कान धरून उजव्या हाताने तो कालथा भराभर फिरवत होता. फडकं ओट्यावरच राहिलं होतं.

"बाबा, काहीतरी करपतंय."

सुताराने वाकून पाहिलं. तुकड्यांना कडेने तांबूस रंग चढला होता, बस. "कुठे करपतंय? असंच लागतं ते."

वास वाढला. मुलीने कढईत पाहिलं, गॅसकडे पाहिलं, मग कढईच्या कानाकडे.

"बाबा, हात."

त्याने पाहिलं आणि हात ओढून घेतला. थोडी कातडी लोखंडाला चिकटून राहिली.

मुलीने गॅस बंद केला, त्याचं मनगट धरून हात नळाखाली नेला. तळव्यावर आडवा पांढरा पट्टा उठला होता. दुसऱ्याच कुणाचं भांडं धुतलं जात असावं, तसा सुतार त्याकडे बघत उभा राहिला.

"खूप दुखतंय?"

"नाही."

त्याने धारेखाली बोटं वळवून पाहिली.

"काहीच नाही?" मुलीने विचारलं. "पण दवाखान्यात डॉक्टरबाई डोळे मिटायला लावून, सुई टोचून विचारायच्या, कुठल्या बोटाला टोचलं म्हणून. तुम्ही सगळी बरोबर सांगायचात."

"डोळे पूर्ण मिटत नव्हतो मी."

पाणी वाहत राहिलं. मुलगी एकदा त्याच्याबरोबर त्याच्या लाकडाच्या कारखान्यात गेली होती. तिथली गोल करवत तिने पाहिली होती. त्याचा डावा हात फळी पुढे सरकवतो आणि बोटं पात्याच्या वीतभर अलीकडे थांबतात. बोटांना कसं कळतं, असं तिने तेव्हा विचारलं होतं. त्यांना कळतं, असं तो म्हणाला होता.

"आईला बोलू नकोस," सुतार म्हणाला. "सोमवारी एकदा मला तिथे उभं राहू दे. पुढचं मी बघतो. घरात बसून माणूस कुजतो गं."

तिने गॅस पुन्हा लावला, मिरची टाकली, सोया सॉस घातला आणि फडक्याने कान धरून स्वतःच परतायला लागली.

बायको आली ती चपला काढून तशीच खुर्चीत बसली. पावलं सुजून चपलेच्या पट्ट्यांचे वळ उठले होते. "वास कसला येतोय हो?"

"कढई जरा जास्त तापली."

तिघं जेवायला बसली. सुताराने डावा हात मांडीवर ठेवला होता, टेबलाखाली. बायकोने पहिला घास खाल्ला. "आता माझ्यापेक्षा चांगलं करायला लागलात," ती म्हणाली. मग म्हणाली, "तुमच्या मालकांचा फोन आला होता मला. सोमवारी नक्की ना, विचारत होते. मी म्हटलं, नक्की. मीही उद्या सांगून टाकते, जादा पाळी आता नको. पायच उचलत नाहीत हो."

"टाक सांगून."

"हात साथ देईल ना?"

"देईल की. पहिल्यापेक्षा बरा आहे."

मग तो कामाचं सांगायला लागला. एका शाळेचे दरवाजे आहेत, बावीस. लाकूड ओलसर आलंय म्हणे, ते नीट वाळवून घ्यावं लागेल, नाहीतर वर्षाच्या आत सगळी दारं फुगून बसतील. चार महिन्यांत तो एका दमात इतकं बोलला नव्हता. बायको जेवता जेवता हसत ऐकत होती.

मुलगी त्याच्या डावीकडे बसली होती. तिने टेबलाखाली हात घातला आणि त्याची बोटं धरली. सुतार बोलतच होता. तिने ती दाबली. जोरात दाबली. मग करंगळीत नख रुतवलं, खोल, तिचं तिलाच सहन होईना इतकं. बिजागऱ्या पितळीच घ्यायला हव्यात, सुतार म्हणाला, लोखंडी गंजतात.

तिने तो हात हळूच उचलला आणि टेबलावर, दोन ताटांच्या मधे, उताणा ठेवला.

बायकोचा घास हातातच राहिला. सुतार तिच्याकडे बघत अजून दारांचंच सांगत होता.