खरातांची भावकी

बौद्धवाड्यातल्या तातेराव खरातांची ज्योत्स्ना न्यायाधीश झाली, तेव्हा चौकातल्या सत्कारात माईक सगळ्यात आधी धरला तो वरच्या आळीतल्या बागाईतदार बद्रीनाथ खरातांनी. "ही आमच्याच भावकीतली लेक! खरात म्हंजे खरात, त्यात दुसरं काही न्हाई." टाळ्या पडल्या. बायकांत बसलेल्या त्यांच्या म्हाताऱ्या आईनं, गोजरबाईनं, समाधानानं मान डोलावली.

पुढच्याच महिन्यात बद्रीनाथांच्या दारी मांडव पडला. त्यांच्या मीनाला हळदीसाठी पाटावर बसवलं आणि तेवढ्यात बातमी आली, ज्योत्स्नाची आजी चांगुणाबाई वारली.

"थांबा गं बायांनो," गोजरबाई म्हणाली. "हळद न्हाई लावायची. सुतक पडलं आपल्याला."

बद्रीनाथ धावत आले. "माय, चांगुणाबाईचं सुतक आपल्याला कशाचं?"

"भावकीत मयत झाली ना? तूच तर चौकात सांगितल्तं."

पाहुण्यांकडं बघत बद्रीनाथांनी आवाज खाली घेतला. "अगं माय, ते बोलायचं असतं. पाळायचं थोडंच असतं?"

गोजरबाई न्हाणीपाशी गेली आणि भावकीतलं माणूस गेल्यावर घ्यायचं ते पाणी नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावर ओतून घेतलं. तशीच ओलेती येऊन ती भर मांडवात, नातीच्या पाटाशेजारी बसली.

हळदीच्या वाटीला हात लावायची कुणाची छाती झाली नाही.