कुंडीवरची कीड

थंडी सरली, तसे रजनीच्या खिडकीतल्या कुंड्यांना कोवळे कोंब फुटले, आणि पाठोपाठ त्यांवर पिठासारखे पांढरे, चिकट किडे चढले. पुसायला जावं तर बोटाखाली लिबलिबीत चिरडायचे. तिला शिसारी यायची.

नवऱ्याचं, चारुदत्तचं, फवारणीच्या औषधांचं दुकान घराला लागूनच. लेकीला कडेवर घेऊन ती मधल्या दारात आली.

"अहो, ते कपाशीवरचं औषध द्या ना थोडं, कुंड्यांवर माराले."

"येडी झाली काय? घरात लेकरू रांगून राह्यलं! नुसत्या वासानं माणूस आडवा होते."

तेवढ्यात एक सालदार त्याच औषधाला आला. त्याच्या मालकानं वेचणी सरूनही शेतात उभ्या ठेवलेल्या कपाशीवर पुन्हा बोंडअळी पडली होती. बाटली हातात घेऊन त्यानं विचारलं, "भाऊ, मारताना तोंडाले काही बांधा लागते काय?"

"कायले? काही नाही होत. बिनधास्त मार."

सालदार गेला. चारुदत्तनं हसत हात पुढे केले. "दे इकडे माह्या चिमणीले."

रजनी मागे सरकली. "आधी हात धुऊन या."

तो साबण लावून, हात पुसत आला. "घे, झाले स्वच्छ. आता?"

तिनं लेकीला आणखी घट्ट धरलं.

"अजून धुवा."